आधी तारीख घाल

बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा वर्षभर जमवलेली पत्रकं टेबलावर ओतलीस आणि विचारलंस, "काका, हे लावू कसं? विषयावार की पक्षावार? आणि विकत कोण घेणार?" दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून नीट बोललो नाही. पण तुझा ढीग चाळला तेव्हा पोटात गोळा आला. एकाही कागदावर तारीख नाही! विषय पुढे कुणीही लावील. कागद कोणत्या दिवशी हातात आला, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

लंडनला सेंट पॉल कॅथेड्रलच्या आवारात जॉर्ज थॉमसनचं पुस्तकांचं दुकान होतं. धंदा मोठा, परदेशातून ग्रंथ आणून विकण्याचा. १६४८ मध्ये त्याच्याकडचे हिब्रू ग्रंथ केंब्रिज विद्यापीठासाठी घ्यायला संसदेनं ५०० पौंड मंजूर केले. असा माणूस १६४० पासून रस्त्यावर मिळणारी चोपडी, पत्रकं, बातमीपत्रं जमवत बसला. राजा आणि संसद यांच्यात जुंपली होती, १६४१ ला छपाईवर पहारा ठेवणारं राजाचं स्टार चेंबर न्यायालय बंद झालं, छापखान्यांवरचा वचक सुटला. बाजूचं, विरोधातलं, सभ्य, शिवराळ, जे मिळेल ते त्यानं ठेवलं. १६६१ पर्यंत सुमारे २२,००० नग, म्हणजे दिवसाला सरासरी तीन. त्यातल्या बहुतेकांवर स्वतःच्या हातानं तारीख.

इंग्रज कवी मिल्टननं छपाईच्या स्वातंत्र्यासाठी 'अ‍ॅरिओपॅजिटिका' लिहिलं, त्याची प्रत त्यानं स्वतः थॉमसनला भेट दिली. छापलेल्या पानावर फक्त १६४४ हे साल आहे. प्रत हाती आल्याचा २४ नोव्हेंबर हा दिवस आपल्याला कळतो तो या पुस्तकविक्यानं लिहून ठेवला म्हणून. बघ, मिल्टनच्या पुस्तकाला जे जमलं नाही ते पेनाच्या एका फटकाऱ्यानं झालं!

आणि हे त्यानं निवांतपणी केलेलं नाही. सैन्य जवळ आलं की पत्रकांच्या पेट्या लंडनबाहेर कधी सरे परगण्यात, कधी एसेक्सला हलवायच्या. कोठारातल्या टेबलांना खोटे तक्ते करून आत खंड दडवल्याचीही हकीकत आहे. १६५१ मध्ये कटाच्या आरोपावरून तो कैदेतही गेला. तुला तर फक्त पेन्सिल उचलायची आहे.

माझं सांगतो. १९८२ च्या गिरणी संपात मी लालबाग-परळला रोज फिरायचो. सभांची, मोर्च्यांची, रेशन वाटपाची पत्रकं पिशवीभर आणायचो. "येत्या मंगळवारी सायंकाळी सहा वाजता." कुठला मंगळवार? त्या वेळी मला तोंडपाठ होतं, लिहायची गरजच वाटली नाही. दहा वर्षांनी गठ्ठा उघडला तर एक मंगळवार दुसऱ्यापासून ओळखता येईना. अर्धा गठ्ठा मी रद्दीत घातला. जागा नव्हती, घरात आजारपण होतं, आणि बिनतारखेचे कागद कुणी घेईना. हे सगळं खरं आहे. त्या परिस्थितीत दुसरं काही करता आलं असतं असं मला आजही वाटत नाही. पण तारखा असत्या तर माझा हात रद्दीकडे गेला नसता, हेही तितकंच खरं.

विकत कोण घेणार म्हणतेस. थॉमसन १६६६ मध्ये गेला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं संग्रहाला धड धनी नव्हता. शेवटी इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जनं तो ३०० पौंडांना घेतला आणि १७६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला. हिशेब करून बघ, नगाला काही पेन्स पडतात. पोटापाण्यासाठी पाठ्यपुस्तकं विक, मी विकली. पत्रकांकडून भाडं निघण्याची अपेक्षा धरलीस तर महिन्याभरात ती फेकशील.

जुन्या ढिगातलं जे आठवतंय ते या आठवड्यातच लिही, महिना आठवत असेल तर महिना, पुढे प्रश्नचिन्ह. आजपासून मात्र रोजच्या रोज. थॉमसननं शाई वापरली, तू मऊ पेन्सिल वापर, वरच्या कोपऱ्यात, मजकुराला धक्का न लावता. शनिवारी दुपारी दुकान रिकामं असतं. तेव्हा घेऊन ये.