मेंडेल्सोनची शाळा आणि त्याचं नाव

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत लाइपझिगला गेलाय. तिथलं संगीत विद्यालय मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराने काढलं असं तो सांगतो, पण मेंडेल्सोनचं नाव त्याला १९७२ साली दिलं म्हणे! संस्थापकाचंच नाव द्यायला एवढा उशीर का? आणि त्याने ते स्वतःच्या पैशाने काढलं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी पैशाचं सांगतो, कारण ती गोष्ट फार छान आहे. पैसे मेंडेल्सोनचे नव्हते. ब्ल्युमनर नावाचे लाइपझिगचे एक न्यायाधीश १८३९ मध्ये वारले, त्यांनी मृत्युपत्रात २० हजार थालर (तेव्हाचं तिकडचं नाणं) कला किंवा विज्ञानाच्या कामासाठी ठेवले आणि ते कुठे लावायचे ते सॅक्सनीच्या (लाइपझिग तेव्हा याच राज्यात) राजावर सोडलं. मेंडेल्सोन तेव्हा तिथल्या गेवांडहाउस या संगीत सभागृहाच्या ऑर्केस्ट्राचा (वाद्यवृंदाचा) प्रमुख होता, त्याने लगेच धरलं की या पैशातून संगीताची शाळाच निघाली पाहिजे, मग अर्ज, पत्रं, भेटीगाठी, मधेच प्रशियाच्या राजाने त्याला बर्लिनला ओढलं, तरी त्याने विषय सोडला नाही. शेवटी २ एप्रिल १८४३ ला गेवांडहाउसच्याच आवारात शाळा सुरू झाली. शिकवायला स्वतः मेंडेल्सोन, शिवाय संगीतकार रॉबर्ट शुमान, व्हायोलिनला फर्डिनांड डाविड, थिअरीला हाउप्टमान. असा स्टाफ कुठल्या शाळेला मिळतो सांगा!

त्याच्या वर्गाची एक आठवण मला फार आवडते. तो फळ्यावर एक सुरावट लिहायचा आणि एकेका मुलाला उठवून तिच्याबरोबर एकाच वेळी वाजेल अशी दुसरी सुरावट लिहायला सांगायचा. एकदा तिघांनी आपापली लिहिली, चौथ्याची पाळी आली तर आणखी सुरांना जागाच उरली नव्हती, बिचारा नुसताच बघत उभा. एक सूरसुद्धा घालता येत नाही का, मेंडेल्सोनने विचारलं. पोरगा नाही म्हणाला. तर याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बरं झालं, कारण मलाही येत नाही. मला तर वाटतं गुरू असावा तर असा.

पण हे सगळं जेमतेम साडेचार वर्षं. नोव्हेंबर १८४७ मध्ये तो गेला, वय ३८. त्याच्याच शब्दाखातर १८४६ मध्ये लंडन सोडून आलेला पियानोवादक मोशेलेस आणि बाकीच्यांनी शाळा पुढे चालवली. नंतर ती जरा कर्मठ झाली, १८५८ मध्ये नॉर्वेहून १५ वर्षांचा ग्रीग (पुढे मोठा संगीतकार झाला) आला त्याने पुढे या शाळेबद्दल कडवटच लिहिलं, पण इंग्लंडचा सलिव्हन, मोरावियाचा (आताच्या चेक देशातला) यानाचेक असे पुढे संगीतकार म्हणून गाजलेले लांबलांबचे लोक तिथे शिकायला येतच राहिले. जपानचा संगीतकार ताकी रेन्तारो १९०१ मध्ये आला, क्षयाने आजारी पडून परत गेला आणि १९०३ मध्ये २३ वर्षांचा असताना वारला. हे वाचलं की अजून जीव हळहळतो.

आता नावाचं. मेंडेल्सोन जन्माने ज्यू, लहानपणीच बाप्तिस्मा झालेला, पण नाझींना त्या बाप्तिस्म्याशी काय घेणं, त्यांच्या लेखी तो ज्यूच! गेवांडहाउससमोर १८९२ पासून त्याचा पुतळा होता, तो नोव्हेंबर १९३६ मध्ये महापौर गोएर्डेलर परदेशी असताना उखडला. गोएर्डेलरने पुतळा परत बसवा म्हणून आग्रह धरला, कोणी ऐकेना तेव्हा राजीनामा दिला, पुढे हिटलरविरोधी कटात त्याला १९४५ मध्ये फाशी झाली. अशा काळात शाळेला मेंडेल्सोनचं नाव कोण देणार? युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये नावात मेंडेल्सोन अकादमी आलं खरं, पण आत्ताचं पूर्ण नाव मिळालं ते १९७२ मध्ये, त्याच्या मृत्यूला १२५ वर्षं झाली तेव्हा.

मुलाला सांगा, शाळा १८८७ पासून ग्रासीश्ट्रासेवर आहे, मूळ जागी आता दुसरीच इमारत उभी आहे. पुतळा २००८ मध्ये नव्याने घडवून थोमास चर्चजवळ बसवलाय. आणि गोल्डश्मिटश्ट्रासेवर तो जिथे वारला ते घर म्युझियम म्हणून जपलंय, तिथे एक रविवार काढाच म्हणावं.