रोजचं जगणं सोपं करणारी तुमची एखादी छोटी सवय कोणती?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की हॉस्टेल सोडून पुण्यात दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेतलाय, सकाळी किल्ल्या सापडत नाहीत, ऐनवेळी काहीतरी संपलेलं असतं आणि मग कुणी संपवलं यावरून वाद होतात. किल्ल्यांचं सोपं आहे. दाराच्या आतल्या बाजूला खिळा ठोका. घरमालक खिळा ठोकू देत नसेल तर चिकटवायचा हुक आणा. झालं.

पण ‘ऐनवेळी संपलेलं असतं’ हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. कारण त्या विषयातला एक खटला आमच्या घरात अजून निकाली निघालेला नाही.

माझी सवय एकच. जी वस्तू संपणारी आहे, तिच्यावर ती सुरू केल्याची तारीख लिहायची. संपेल कधी ती नव्हे, लावली कधी ती. त्यासाठी मार्कर फ्रिजच्या हँडलला सुतळीने बांधून ठेवलाय. सुतळी कशाला, हे ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

आता हे सुरू कसं झालं ते ऐका.

2012 साल. आम्ही कराडला एकत्र राहायचो. सासूबाई, आम्ही चौघं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा, अशी आठ माणसं. गॅसचं कनेक्शन एक, सिलिंडर दोन. सप्टेंबरच्या 13 तारखेला सरकारने जाहीर केलं की सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहाच मिळणार, पुढचे बाजारभावाने घ्या. घरात चर्चाच चर्चा. गंमत म्हणजे आपल्याला वर्षाला सिलिंडर लागतात किती, हे आठातल्या एकालाही सांगता येईना. दीर म्हणाले दहा, हे म्हणाले बारा, सासूबाई म्हणाल्या, ‘पूर्वी चुलीवर भागत होतं.’

19 तारखेला गणपती बसले. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी साडेनऊला शेगडीवर पुरणासाठी दीड किलो हरभऱ्याची डाळ. पातेल्यात. कुकरात नाही, आणि ते का ते पुढे सांगते. दुसऱ्या शेगडीवर कटासाठी खोबरं भाजत होते. ज्योत आधी बसकी झाली, मग निळ्याची पिवळट झाली, फुरफुरली आणि गेली. मला काही वाटलं नाही. ओट्याखाली पडद्यामागे दुसरा सिलिंडर होता, टोपण दोरीसकट नीट बसवलेला. ओढायला म्हणून कड्याला हात घातला आणि तो एका हाताने कलंडला! भरलेला सिलिंडर असा कलंडत नाही. रिकामा पंधरा-सोळा किलोचा, त्यात 14.2 किलो गॅस, म्हणजे तीस किलोचा ऐवज. एका हाताने येतो तो फक्त रिकामा.

झालं असं होतं की त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता. अधिकाच्या वाणाला आम्ही चार दिवस माझ्या माहेरी, कोल्हापूरला गेलो होतो. जावयाला तेहतीस अनारसे मिळाले, आणि इकडे त्याच चार दिवसांत गॅस संपला. भाऊजींनी सिलिंडर बदलला, रिकाम्याला टोपण घालून पडद्यामागे सारला आणि विसरले. नंबर लावला नाही, कुणाला बोलले नाहीत. टोपणावर सील नाही हे मी बघायला हवं होतं, हे कबूल. पण पडद्यामागच्या अंधारात सील कोण बघतं?

घरात अकरा सवाष्णी जेवायला यायच्या. शेजारच्यांनी त्यांचा सिलिंडर दिला म्हणून निभावलं, पण नैवेद्याला साडेतीन वाजले. सासूबाई दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा जड असायचं. हे सगळं मी गिळलं असतं. पण पंगत बसल्यावर, सगळ्या बायकांसमोर, वाढता वाढता भाऊजी काय म्हणाले? ‘वहिनी, अंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं की असंच व्हायचं.’

अंघोळीचं पाणी मी कुणासाठी तापवत होते? त्यांच्याच आईसाठी! परसातल्या बंबाचा धूर सोसेना, खोकल्याने रात्र रात्र झोप नाही, म्हणून बंब बंद करून एक पातेलं पाणी गॅसवर. एक पातेलं. आणि धाकट्या जाऊबाई रोज आठ माणसांची तुरीची डाळ उघड्या पातेल्यात पाऊण तास शिजवायच्या, कारण ‘ताई, कुकरातल्या डाळीला चव नसते.’ त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या दप्तरातला काळा मार्कर घेतला. नवा सिलिंडर आल्यावर लावला त्या दिवशी त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरात तारीख टाकली. घरात हसले. ‘वहिनी सिलिंडरचं बारसं करतात.’ करू दे म्हटलं.

पहिली चूक लगेच कळली. सिलिंडर परत जातो, त्याच्याबरोबर तारीखही जाते. म्हणून तीच तारीख कालनिर्णयवर, दुधाच्या लिटरच्या शेजारी, गोल करून लिहायला लागले. मग डिसेंबर संपला आणि सासूबाईंनी जुन्या कालनिर्णयची पानं मांडणीवर घालायला फाडली. तीन महिन्यांचा पुरावा डब्यांखाली गेला. तेव्हापासून धान्याच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. कपाट कुणी फाडत नाही.

आणि मग आकडे बोलायला लागले. 24 दिवस, 26 दिवस, 25 दिवस. म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा सिलिंडर. दहाही नाहीत, बाराही नाहीत. 2013च्या मे महिन्यात धाकट्या जाऊबाई मुलाला घेऊन तीन आठवडे माहेरी गेल्या, आणि तो सिलिंडर चालला 37 दिवस! मी कागद काढला आणि रात्री जेवताना भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी वाचला, भाताचा घास घेतला आणि म्हणाले, ‘मे महिन्यात अंघोळीला गरम पाणी लागतं का?’

वकील व्हायला हवा होता माणूस.

तोवर सरकारने सहाचे नऊ केले होते, 2014मध्ये नऊचे बारा केले. सरकारचा आकडा बदलला तरी आमचं भांडण तसंच राहिलं. भाऊजींचं म्हणणं, तारीख लिहून काय मिळतं, ओल्या फडक्याने कळतंच की. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण ही युक्तीही खरीच आहे. फडकं भिजवून पिळायचं आणि सिलिंडरच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत एक रुंद पट्टा पुसायचा. मिनिटभर थांबायचं. वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओला राहतो, आणि दोघांच्या मधे सरळ आडवी रेघ दिसते. रेघेच्या खाली गॅस. आत तो पातळ असतो आणि जळताना त्याची वाफ होत राहते, म्हणून तेवढा भाग गार राहतो आणि पाणी उशिरा वाळतं. शेगडी अर्धा तास चालू असताना करून बघा, रेघ जास्त स्पष्ट येते.

पण फडकं फक्त आज किती उरलाय ते सांगतं. किती दिवसांत किती जातो ते तारीखच सांगते. पंचविसावा दिवस येणार हे माहीत असलं की विसाव्या दिवशी नंबर लावता येतो. फडकं हातात घ्यायचं आधी आठवावं लागतं, आणि ज्याला आठवतं त्याचा गॅस मुळात ऐनवेळी संपतच नाही. हा मुद्दा मी भाऊजींना तीनदा सांगितलाय.

सिलिंडरवर आणखी एक तारीख असते, ती बहुतेकांनी पाहिलेली नसते. वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्या असतात ना, त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी, डी तसेच पुढे. ‘बी 28’ असेल तर जून 2028च्या आत त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. ती मुदत उलटलेला सिलिंडर दारात आला तर परत पाठवा. हे गॅसच्या मुदतीचं नाही, टाकीच्या तपासणीचं आहे. आमच्या सोसायटीत एकीने ‘गॅस शिळा होतो’ म्हणून पसरवलं होतं. आणि केशरी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरही साल छापलेलं असतं. वाकून वाचायचं तेवढं.

तर गॅसवरून सुरू झालेली सवय घरभर पसरली. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलवर तारीख. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घातलं की बॅटरीच्या पेटीवर तारीख. पाण्याच्या फिल्टरच्या कँडलची फिल्टरवर. पण सगळ्यात जास्त उपयोग औषधांना. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फ्रिजच्या दारात थेंबांच्या दोन सारख्या बाटल्या दिसल्या, एक चालू, एक कधीची कोण जाणे. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात, बाटलीवरची छापील मुदत दोन वर्षं पुढची असली तरी. ती मुदत सीलबंद बाटलीची. लहान मुलांचं पाणी घालून कालवायचं अँटिबायोटिकही तसंच, बऱ्याचदा आठवडाभरच चालतं. किती दिवस ते लेबलवर असतं, पण कालवलं कधी ते लेबलवर कुठून असणार? ते आपणच लिहायचं.

तुमच्या फ्लॅटसाठी म्हणाल तर तारखेशेजारी लावणाऱ्याचं आद्याक्षर टाका. तिघं आहात, प्रत्येकाला वाटणार की मागच्या वेळी मीच आणला. गॅस, टॉयलेटमधलं फिनेल, चहापत्ती, एवढ्यावर लिहिलं तरी पुरे. पाच किलोचा छोटा सिलिंडर वापरत असाल तर त्यावर तर लिहाच, तो कधी संपतो ते कळत नाही. आणि रिकामा सिलिंडर भिंतीकडे तोंड करून नका ठेवू, दिसेल असा ठेवा. शक्यतो आडवी फुली मारून. टोपण घालून पडद्यामागे तर मुळीच नको.

सकाळच्या धावपळीबद्दलही विचारलं होतं तुम्ही. रात्री डाळ भिजत घाला. हरभऱ्याची तर घालाच, अर्ध्या वेळात शिजते. बाकी सकाळ कुणाचीच सुटसुटीत नसते.

आता थोडं खरं बोलते, नाहीतर घरचे कुणी वाचतील आणि खाली लिहितील. त्या 37 दिवसांत माझी मुलंही दहा दिवस आत्याकडे होती. हे मी कागदावर लिहिलं नव्हतं. म्हणजे तो आकडा जाऊबाईंच्या डाळीचा निकाल लावायला पुरेसा नव्हता, आणि भाऊजींचं मे महिन्याचं म्हणणंही अगदीच पोकळ नव्हतं. शिवाय तारखा लिहिण्याचा अतिरेक होतो. मी एकदा लोणच्याच्या बरणीवर तारीख टाकली तर सासूबाई म्हणाल्या, ‘आता माझ्यावर पण टाक.’ लोणच्यावर टाकत नाही तेव्हापासून. आणि मार्कर सिलिंडरच्या अंगावरच चालवा, रेग्युलेटर, नळी, टोपण यांच्याशी खेळू नका.

2016पासून घरं वेगळी झाली. आम्ही दोघं आणि सासूबाई, अंघोळीचं पाणी सोलरवर. सिलिंडर 58 ते 62 दिवस जातो. जाऊबाईंचा किती जातो ते मला माहीत नव्हतं, विचारायचं कसं? मागच्या दिवाळीत फराळाला गेले होते. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ओट्याखाली वाकून बघितलं. सिलिंडरवर खडूने तारीख होती. अक्षर भाऊजींचं. शेगडीवर डाळ, आणि ती कुकरात.