‘स्केल होत नाही’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न अंधेरीतल्या एका सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे. ग्राहकांसाठी मराठीत टिपण लिहायचंय. ‘जुनी सिस्टीम स्केल होत नाही’ याला ‘विस्तारक्षम नाही’ चालेल का?

चालेल, पण पोचणार नाही. विस्तार दुकानाचा होतो, मंत्रिमंडळाचा होतो. त्यातून जागा वाढली एवढंच कळतं. स्केल होण्यातला प्रश्न वेगळाच: काम दहापट झालं तर वेळ आणि खर्च किती पट होणार? त्यासाठी आपल्याकडे घरचं क्रियापद आहे, पेलणं. ‘वाढता भार पेलत नाही’ असं लिहा. ‘वाढता’ गाळू नका, कारण आजचा भार बहुतेक सिस्टीम पेलतातच.

मी पूर्वी सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणाऱ्या एका प्रोग्रॅमवर काम करायचो. ४० सोसायट्या होत्या तेव्हा चहा पिऊन येईपर्यंत बिलं तयार. ४०० झाल्या आणि रात्र पुरेना. सोसायट्या दहापट, वेळ शंभरपट! प्रत्येक फ्लॅटची थकबाकी शोधायला प्रोग्रॅम पावत्यांचं अख्खं टेबल वरपासून खालपर्यंत चाळायचा. फ्लॅट दहापट झाले, तसं टेबलही दहापट लांबलं. साहेबांनी मोठा सर्व्हर आणला. तो झाला विस्तार. दोन महिन्यांत पुन्हा तीच रड. शेवटी फ्लॅट नंबरावर इंडेक्स लावला (पुस्तकामागच्या सूचीसारखा, म्हणजे अख्खं टेबल न चाळता नोंद सापडते), तेव्हा कुठे पेललं.

याउलट यूपीआय. २०१६ साली सुरू झालं, ऑगस्ट २०२३मध्ये महिन्याचे व्यवहार १००० कोटींपलीकडे गेले, आणि भाजीवालीकडचा कोड आपण तसाच स्कॅन करतो.

‘स्केल अप’ (आहे तेच यंत्र मोठं करणं) आणि ‘स्केल आउट’ (तशीच आणखी यंत्रं जोडणं) यांना मात्र मी प्रतिशब्द देणार नाही, लोकल दाखवीन. १२ डब्यांची गाडी १५ डब्यांची करणं हे अप: जागा २५ टक्के वाढते, पण फलाट लांबवावे लागतात, आणि गाडी लांबवायलाही मर्यादा असतेच. फेऱ्या वाढवणं हे आउट. तिथे रूळ आणि सिग्नल आडवे येतात. दोन्ही जमवलं आणि पुलाचा जिना तेवढाच ठेवला, तर सगळी गर्दी जिन्यावर तुंबते. सर्व्हर दहा आणि डेटाबेस एक, असं असलं की हेच होतं. तेव्हा ‘बॉटलनेक’लाही शब्द शोधू नका, ‘कुठे तुंबतंय?’ विचारा. मुंबईकराला समजावून सांगावं लागणार नाही.

(नुसतं ‘स्केल’ लिहिलंत तर शाळावाल्याला फूटपट्टी आठवेल, पेटीवाल्याला काळी चार. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिडी.)

नाम हवंच असेल तर ‘स्केलेबिलिटी’ राहू द्या. ‘भारवहनवृद्धिक्षमता’ वगैरे घडवू नका. टिपणात सरळ लिहा: ‘ग्राहक वाढले की जुन्या सिस्टीमला भार पेलत नाही, महिनाअखेरीला बिलांपाशी तुंबतं.’