मसलमधला उंदीर आणि कंपनीतला पाव

तुम्ही विचारलंय, रोजच्या वापरातल्या कोणत्या इंग्रजी शब्दांचं मूळ कळल्यावर सगळ्यात जास्त नवल वाटलं? मी पुण्यात, कसबा पेठेत, आठवी ते दहावीच्या मुलांना घरीच इंग्रजी शिकवते. असे शब्द मला मुलांच्या प्रश्नांमुळेच सापडत गेले. पहिला मान 'मसल'चा.

रोज पहाटे तालमीत जाणारा एक मुलगा या शब्दाचं स्पेलिंग दर वेळी चुकायचा. एकदा वैतागून म्हणाला, "बाई, सी ऐकूच येत नाही, तर लिहायचा कशाला?" प्रश्न रास्त होता, म्हणून रात्री शोधत बसले. हा सी लॅटिनमधून आलाय. तिथला मूळ शब्द 'मुस्कुलुस', म्हणजे छोटासा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर सरकतं, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. लॅटिनमधला उंदीर 'मूस', इंग्रजीतला 'माउस' आणि आपल्या गणपतीचा मूषक, तिघं एकाच कुळातले.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं. त्या मुलाने बाही वर सारली, दंड फुगवला आणि म्हणाला, "पण बाई, ही तर बेडकी!"

खरंच की! आपण दंडातल्या बेडकुळ्या काढून दाखवतो. रोमन माणसाला जिथे उंदीर दिसला, तिथे आपल्याला बेडूक दिसला. हा शब्द मी लहानपणापासून बोलत आले, पण त्यातला बेडूक मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

'विंडो'ची गोष्टही अशीच. इंग्लंडात वस्ती केलेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून तो आला, आणि त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. काच नसलेल्या भिंतीतल्या झरोक्याला यापेक्षा चांगलं नाव काय असणार? आता आपला 'गवाक्ष' सोडवून बघा. गो अधिक अक्ष, गाईचा डोळा.

माझा जीव मात्र 'कंपनी'वर आहे. माझ्याकडच्या कितीतरी मुलांचे वडील भोसरीला नाहीतर चाकणला 'कंपनीत' जातात. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी, ब्रेड. ज्याच्यासोबत भाकरी वाटून खायची तो 'कंपॅनियन', आणि अशा सोबत्यांची जमली ती 'कंपनी'. हाच 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी पार बदलला आणि त्यांच्यासोबत आपल्या किनाऱ्यावर उतरून 'पाव' झाला. (पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, असं मला लहानपणी सांगितलं होतं. त्यात तथ्य नाही.) म्हणजे शिफ्ट सुटल्यावर चारजण गेटसमोरच्या गाडीवर वडापाव खातात, तेव्हा कंपनी आणि पाव हे दोन दूरचे नातलग पुन्हा एकत्र आलेले असतात. हे कळलं त्या दिवशी मी घरी जो येईल त्याला हेच सांगत होते.

उलट्या दिशेने गेलेले शब्दही आहेत. 'मंगूस' हा आपल्या मुंगसावरून गेलाय. मुलं त्याचं अनेकवचन 'गूस'चं 'गीस' होतं तसं 'मंगीस' करतात. पण मुंगसाचा हंसाशी काय संबंध? म्हणून 'मंगूसेस' बरोबर. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज 'डूलाली' म्हणतात, ते आपलं नाशिकजवळचं देवळाली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक तिथल्या छावणीत ताटकळायचे. आधी 'डूलाली टॅप' असं म्हणत, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे ताप.

एक विनंती आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या शब्दकथा तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. 'पॉश' हा शब्द म्हणे हिंदुस्थानात येणाऱ्या बोटींच्या तिकिटांवरच्या आद्याक्षरांपासून झाला. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे इंग्लंडहून निघताना डावीकडची केबिन, मायदेशी परतताना उजवीकडची. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळायचा, हेही तसंच. 'सॅलरी'च्या मुळाशी मीठ आहे हे खरं, पण पगार म्हणून मीठ मोजून देत असल्याचा पुरावा नाही. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे त्याआधीच्या शब्दाची अशी फोड दिसली की मी तिथेच थांबते.

'न्यूज' म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण हे तर माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधातही लिहिलं होतं. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचंच हे जुनं अनेकवचन: नव्या गोष्टी. आणि 'न्यू' व संस्कृतातला 'नव' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. ही खरी गोष्ट ऐकल्यावर त्याने निबंधातल्या चारही दिशा स्वतःच खोडल्या.