टक्केवारीची सरासरी काढू नका

निकाल लागले की पालकांच्या प्रश्नांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा येतो. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

मुलीची दहावी मराठी माध्यमातून झाली. सहा विषयांचे टक्के मिळवून सहाने भागले तर ७२.६७ येतात, शाळा ७३.६ म्हणते. (खानापूर)

शाळेचे बरोबर. आपल्याकडे कर्नाटकात प्रथम भाषा १२५ गुणांची, बाकीचे पाच विषय शंभराचे. तुमच्या मुलीला मराठीत १२०, उरलेल्यांत मिळून ३४०. म्हणजे ६२५ पैकी ४६०.

कोल्हापूरचा भाचा म्हणतो, सर्वांत चांगले पाचच विषय धरायचे. (निपाणी)

ती पद्धत महाराष्ट्र मंडळाची. मार्क्सकार्डावर जे आहे तेच लिहा आणि शंका असेल तर प्रवेश घेताय त्या कॉलेजात विचारा.

५९.६ चे ६० लिहिले तर चालेल?

नाही.

अंतर्गत २० पैकी १८, लेखी ८० पैकी ३२. म्हणजे ९० आणि ४० टक्के, सरासरी ६५ ना? (बेळगाव)

नाही हो, ५०! १८ आणि ३२ मिळवा, झाले. वीस गुणांचा भाग आणि ऐंशी गुणांचा भाग एकाच मापाने कसे मोजता येतील? या एका चुकीपायी मुले निर्धास्त राहतात. अंतर्गतचे गुण चांगले पडले की लेखीकडे दुर्लक्ष होते, आणि जास्त वजन लेखीचेच असते. सेमिस्टरचेही तेच. क्रेडिट म्हणजे विषयांचे वजन. पहिल्यात २४ क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट ६.५, दुसऱ्यात २० क्रेडिट आणि ८ असतील, तर दोन्हींची सरासरी ७.२५ लिहू नका. २४ गुणिले ६.५ म्हणजे १५६, २० गुणिले ८ म्हणजे १६०. बेरीज ३१६, तिला ४४ ने भागा. ७.१८ येतात. क्रेडिट मार्क्सकार्डावर छापलेले असतात, तो रकाना कुणी वाचतच नाही. शिवाय लेखीत वेगळे पास व्हावे लागते का, हे परीक्षेआधीच वर्गशिक्षकांना विचारून घ्या.

सीजीपीएला (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटच्या एकत्रित सरासरीला) दहाने गुणले की टक्के होतात, असे सायबर कॅफेवाला सांगतो. टक्क्यांच्या दाखल्याचे पैसेही मागतो. (येळ्ळूर)

पैसे देऊ नका, त्या कागदाला कुणी विचारत नाही. सूत्र विद्यापीठाचे असते, तेही बॅचप्रमाणे बदलते. बेळगावच्याच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासक्रम योजनेत आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणायचे. ८ चे ७२.५ होतात, ८० नव्हेत. दाखला कॉलेजमार्फत परीक्षा विभागातूनच घ्या. अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावू नका, आजच कॉलेजच्या ऑफिसात जा.