रेटिंगचा आकडा बदलून उपयोग नाही, आधी ड्राफ्टच्या जागा मोजा

तुमच्या कॉलेज बास्केटबॉल सिम्युलेशनमध्ये आठ-दहा सीझननंतर दमदार खेळाडूच उरत नाहीत, म्हणून 'रेटिंग 70 झालं की ड्राफ्टला जा' हा नियम तुम्ही 75, मग 78 करून पाहिलात. (ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडून घेण्याची पद्धत.) मी वर्षभर हेच करत होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. ड्राफ्टसाठीचा वयाचा नियम वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच.

माझी चूक ही की मी प्रत्येक खेळाडूला एकेकटं गाठून विचारत होतो. त्याच्याबरोबर आणखी किती जण निघालेत, याचा कोडला पत्ताच नव्हता. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टच्या दोन फेऱ्या मिळून जागा 60. सहाव्या सीझनचा लॉग उघडला तर कॉलेज अर्धवट सोडून लवकर निघालेले 143, तेही शेवटच्या वर्षाची मुलं सोडून! त्यात 71 रेटिंगचा, दुसऱ्या वर्षाचा एक पॉइंट गार्ड होता. यादीत त्याचा नंबर 110च्या आसपास. तो ना कुठल्या संघात गेला, ना कॉलेजात परतला. अशी मुलं दरवर्षी गळत राहिली आणि मित्रांबरोबरची 22 सीझनची लीग शेवटी बंद करावी लागली. त्याआधी मी जोडलेल्या विकतच्या गेमवर संशय घेऊन त्यांच्या सपोर्टला तीनदा सेव्ह फाइल पाठवली. तिन्ही वेळा उत्तर एकच: पुन्हा इन्स्टॉल करा. फाइल कोणी उघडलीही नसावी, याचा राग अजून आहे.

आता मी हे दोन टप्प्यांत करतो. आधी सगळ्यांची एकत्र क्रमवारी लावायची, अंदाजात थोडी चूक मुद्दाम ठेवायची, आणि निर्णय रेटिंगवर नाही, अंदाजित नंबरवर घ्यायचा. पहिल्या 30 जणांना खात्रीचा करार असतो, पुढच्यांना तशी हमी नसते. म्हणून 20 ते 40 मधले खरे डळमळतात. जे मागे फिरले ते वगळून पुन्हा क्रमवारी, पुन्हा विचारणा. प्रत्यक्षातही मुलं नाव देतात, शिकागोच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात) स्वतःला आजमावतात आणि मुदतीच्या आत नाव मागे घेऊन कॉलेजात परततात. हा पुन्हा विचारण्याचा टप्पा जमत नसेल तर लवकर जाण्याची सोयच काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनी सूत्रंही जशीच्या तशी उचलू नका. जुलै 2021पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. लवकर नाव देणारे 2021मध्ये 353 होते, 2025मध्ये 106. कोविडमुळे कॉलेजात खेळायला मिळालेल्या जादा वर्षाचाही त्यात वाटा आहे, सगळं पैशावर ढकलू नका. पण ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीच्या आशेवर असलेल्याला कॉलेजात थांबणं आता परवडतं, हे कोडमध्ये यायलाच हवं.

मी बँकेत नोकरी करतो, हे फावल्या वेळातलं काम, तेव्हा माझे आकडे तपासून घ्या. आणि पुढे अमेरिकन फुटबॉल करणार असाल तर इयत्ता बघू नका, हायस्कूल सुटून झालेली वर्षं मोजा. एनएफएलला (त्या खेळाच्या व्यावसायिक लीगला) तीन लागतात, त्यामुळे रेडशर्ट झालेला, म्हणजे एक सीझन न खेळता बाहेर बसलेला, सोफोमोरही (खेळाच्या हिशोबाने दुसऱ्या वर्षाचा) पात्र ठरतो.

आज एवढंच करा: लवकर गेले पण निवडले गेले नाहीत, असे किती, तो आकडा दर सीझनला लॉगमध्ये छापा. माझ्याकडे आता 10 ते 15 येतो. तुमचा किती येतो ते इथे लिहा, मग पुढचं बघू.