सुतार म्हणतात बॉक्स मोठा करू... : किटच्या स्पीकरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): सर, टू-वे बुकशेल्फ स्पीकरचं किट मागवलंय. वूफर (जाड आवाजाचा स्पीकर), ट्वीटर (बारीक आवाजाचा), क्रॉसओव्हर (आवाज दोघांत वाटणारं सर्किट) आणि ड्रॉइंग आलंय, लाकूड आपलं आपण घ्यायचं. ड्रॉइंगमधे १८ एमएम एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आहे, माझ्याकडे १२ एमएमचा चांगला प्लाय पडून आहे. आमचे सुतार म्हणतात बॉक्सही जरा मोठा करू, बास वाढेल. करू का?

उत्तर: प्लाय चालेल, पण बॉक्स मोठा अजिबात करू नका. कपाट चार इंच मोठं झालं तर फायदाच होतो, स्पीकरचं तसं नाही, कारण आतली हवा वूफरच्या मागे स्प्रिंगसारखी काम करते आणि ती किती हवी हे त्या वूफरच्या मापांवरून ठरतं. हे गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मधे मांडलं आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पूर्ण केलं, आजही प्रत्येक वूफरच्या डेटाशीटवर त्या दोघांच्या नावाची पॅरामीटर्स असतात. किट डिझाइन करणाऱ्याने ती बघूनच आतल्या जागेचे लिटर ठरवलेत, तुम्ही किटचे पैसे दिलेत ते खरं तर या कामाचे.

आता तुमच्या प्लायचं बघू. समजा आतलं माप रुंदी १६, डेप्थ २०, उंची ३० सेंमी आहे, म्हणजे ९.६ लिटर. बाहेरचं माप तेच ठेवून १२ एमएम लावला की आतल्या प्रत्येक मापात दोन्ही बाजू मिळून १.२ सेंमी वाढतात आणि बॉक्स ११.४ लिटरचा होतो, साधारण साडेअठरा टक्के जास्त! कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं तरी पोर्ट (बास वाढवायला बॉक्सला बसवलेली उघडी नळी) ५० हर्ट्झला ट्यून असेल तर तो ४६ च्या आसपास घसरतो. सुतारांनी दुप्पट मोठा केला तर ३५ वर, आणि मग ५० हर्ट्झला पोर्टने वूफरच्या कोनला (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) जो आवर घातला असता तो मिळत नाही, मोठ्या आवाजात कोन उगाच जास्त हलतो.

म्हणून असं करा. पुढच्या फळीची रुंदी-उंची ड्रॉइंगप्रमाणेच ठेवा आणि ती एकच फळी १८ एमएमची घ्या, कारण क्रॉसओव्हर त्या रुंदीसाठी आणि ड्रायव्हरच्या (म्हणजे वूफर-ट्वीटरच्या) त्या जागांसाठी बनवलेला असतो. बाकी १२ एमएम लावा आणि आतली डेप्थ २० ऐवजी १७.९ सेंमी करा, लिटर परत तेवढेच येतात. फक्त पोर्टची नळी मागच्या फळीला फार जवळ जात नाही ना ते बघा, निदान नळीच्या व्यासाएवढी मोकळी जागा हवीच. १२ एमएमच्या बाजू जास्त थरथरतात म्हणून मधे एक आडवी पट्टी द्या, आणि पट्टीने खाल्लेली जागा लिटरमधून वजा धरून डेप्थ तेवढी वाढवा. सुतारांना आतलं माप कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

प्रश्न (पुणे): क्रॉसओव्हरचे कपॅसिटर आणि कॉइल बदलून भारीतले बसवावेत का? तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघून आलोय.

उत्तर: आधी आहे तसा बांधा आणि महिनाभर ऐका. नंतर कपॅसिटर बदलून फिल्मचा बसवायचाच असेल तर व्हॅल्यू अगदी तीच घ्या, आणि साधा इलेक्ट्रोलिटिक चालत नाही, नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) लागतो. कॉइलला मात्र हात लावू नका. जाड तारेची कॉइल चांगलीच असणार असं वाटतं, पण तारेचा रेझिस्टन्ससुद्धा डिझाइनमधे धरलेला असतो, तो कमी झाला की वूफर आणि ट्वीटरचा तोल थोडा सरकतो. त्यापेक्षा फुकटात होणारं काम करा : दोन कॉइल लांब आणि एकमेकींना काटकोनात बसवा, शेजारी-शेजारी सारख्या ठेवल्या तर एकीचं मॅग्नेटिक फील्ड दुसरीत शिरतं. कॉइलमधून लोखंडी स्क्रू घालू नका, प्लास्टिकचा टाय लावा.

प्रश्न (कोल्हापूर): ड्रॉइंगमधे ट्वीटरचा प्लस मायनसला जोडलेला दाखवलाय. छापायची चूक आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. १२ डीबी पर ऑक्टेव्ह फिल्टरमधे (क्रॉसओव्हरचा एक नेहमीचा प्रकार) आवाज जिथे वूफरकडून ट्वीटरकडे जातो त्या फ्रिक्वेन्सीला दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या उलट फेजमधे येतात, म्हणजे एक बाहेर येताना दुसरा आत जातो, म्हणून ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. ड्रॉइंगप्रमाणेच जोडा. वूफरचा प्लस ओळखायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, कोन बाहेर आला की सेलच्या प्लसला लावलेलं टर्मिनल तो प्लस. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका!

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. काय करू?

उत्तर: एमडीएफ फुगतं ते कापलेल्या कडांतून. पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल कडांना दोन हात द्या, वाळल्यावर पॉलिश पेपर मारून सीलर, आणि आतल्या बाजूनेही, लोक बाहेरून सुंदर रंग देतात आणि आतून कोरडं सोडतात. कोकणात मी तर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडचा प्लायच घ्या म्हणेन. एमडीएफ कापताना मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते.

दमट हवेपेक्षा जास्त नुकसान हवेच्या गळतीने होतं. ड्रायव्हरखाली फोमची पट्टी लावा, टर्मिनलच्या मागे सीलंट भरा. मग पोर्ट तळहाताने बंद करून वूफर हळूच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर बॉक्स घट्ट आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे, बहुतेक वेळा ती टर्मिनलच्याच भोकात सापडते.